बिल नसलेलं सॉफ्टवेअर

बाबांना कंपनीतून ब्रेक मिळाला की आमच्या घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागायचे. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. ठेकेदाराच्या कामगारांचे काही महिने भरत आले की त्यांना घरी बसवायचे, म्हणजे कायम करायचा प्रश्न येत नाही. नंतर वाटलं तर परत बोलवायचे. हे वाटणं नेमकं कुणाच्या मनावर असतं ते बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही, त्यामुळे ते गेटवरच्या सगळ्यांनाच घाबरायचे. ठेकेदाराला, त्याच्या सुपरवायझरला, सिक्युरिटीवाल्याला, इतकंच काय, गेटवर नोंद करणाऱ्या पोरीलाही.

दापोडीत रेल्वेलाइनच्या अंगाला आमची एक खोली होती. आईबाबा लातूरकडून आलेले. ब्रेकच्या दिवसांत बाबा उजेडी गल्लीत निघायचे नाहीत. कुणी विचारलं तर आम्ही भावंडांनी सांगायचं, "बाबांची नाइट आहे, झोपलेत." आमच्या गल्लीत अशी नाइट पुष्कळ घरांत चालू असायची. सगळ्यांना खरं ठाऊक होतं आणि कुणी कुणाला उठवायला जात नव्हतं.

घरमालकानं विजेच्या शेगडीला बंदी केली होती, कारण सगळ्या खोल्यांना मिळून मीटर एकच. पण गॅस संपला आणि दुसरा आणायची सोय नसली की आई कॉइलच्या शेगडीवरच भात टाकायची. एकदा असाच भात रटरटत होता आणि बाहेरून शेजारणीनं आवाज दिला, "आला गं, आला!" घरमालकाचा माणूस गल्लीत शिरला होता. बाबांनी पातेलं खाली उतरवलं, वायर उपटली आणि लालबुंद शेगडी तशीच खाटेखाली सरकवली. वरून गोधडी लोंबत होती. तो माणूस दारातच उभा राहून आईला सांगत होता, उद्यापासून पाण्याची वेळ बदलली. एवढंच सांगायला आला होता बिचारा. निघतच होता, तेवढ्यात खाटेखालून धूर आला.

शेगडी गेली. बोलणी खाल्ली. गोधडीला भोक पडलं, त्याला आईनं लाल ठिगळ लावलं. ती गोधडी घेऊन मी इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांचा अभ्यास केला. जळलेल्या कापसाचा वास माझ्या डोक्यात कायमचा बसला आहे. हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते त्याच वासानं मला शोधून दिलं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवते. मिरवायलाच हवं, फुकट मिळालेलं नाही. मेकॅनिकलची डिग्री घेतली तेव्हा आईनं तिचा फोटो काढून गावाकडं सगळ्यांना पाठवला. माझा नव्हे, डिग्रीचा. त्या कागदावर आमचं आडनाव इंग्रजीत छापलेलं होतं आणि बाबा त्यावरून नुसतं बोट फिरवत बसले होते.

नोकरी लागली ती चाकणच्या पुढे एका छोट्या शेडमध्ये. मोठ्या कंपन्यांत वेल्डिंग करताना किंवा भोकं पाडताना पार्ट हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारे पोलादी साचे लागतात, त्यांना फिक्श्चर म्हणतात. आम्ही ते बनवतो. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं, शेडमधल्या मशीननं ते कापायचं. मालक स्वतः कधीकाळी टूलरूममध्ये कामगार होते, पुढे त्यांनी हिमतीवर शेड टाकली. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. मशीनवरचा ऑपरेटर मावळातला, वयानं माझ्याहून बराच मोठा, त्याला सगळे दादा म्हणायचे. वर्षभरात बाबांची कंपनीच दुसरीकडे गेली आणि ब्रेक कायमचा झाला. तेव्हा मी शेठना विचारलं, आणि बाबा आमच्याच शेडमध्ये स्टोअरला लागले. माल उतरवून घ्यायचा, त्याच्याबरोबरचं चलन जपायचं, आल्यागेल्याला गेट उघडायचं. बापलेक एकाच बसनं जायचो. बसमध्ये मात्र ते माझ्याशेजारी बसायचे नाहीत. म्हणायचे, "तू साहेब हायस, लोक काय म्हणतील."

आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. आता सरळ लिहिते, कारण तेव्हा आम्ही असं म्हणतच नव्हतो. या पट्ट्यातल्या लहान शेडमध्ये तेव्हा ते असंच यायचं, पेनड्राइव्हवाल्याकडून. खरं घ्यायचं तर शेडच विकावी लागली असती. पेनड्राइव्हवाला बाइकवरून यायचा, शेठना काका म्हणायचा, बाबांची तब्येत विचारायचा, चहा प्यायचा, आणि चहा संपेपर्यंत सॉफ्टवेअर टाकून द्यायचा. अडलं की फोन उचलायचा. माझ्या कॉम्प्युटरवर टाकताना त्यानं विचारलं, "ताई, एक मेल आयडी सांगा, कुठलापण चालेल." मी माझा सांगितला. शेठनी त्याला रोख पैसे दिले आणि नव्या मशीनला करतात तसं कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. सगळं रीतसर झालं असं आम्हाला खरोखर वाटलं.

मग तो मेल आला. मूळ सॉफ्टवेअर कंपनीच्या वकिलांचा. आमच्या शेडमध्ये त्यांचं सॉफ्टवेअर परवान्याशिवाय चालतंय, याची माहिती त्यांच्याकडे आहे, आणि वापरणारी व्यक्ती म्हणून खाली एक मेल आयडी. माझा.

मी तो मेल वाचला आणि माझे पाय गार पडले. असं म्हणतात ते मी ऐकलं होतं, पण ते खरंच पायांत होतं. इंग्रजी मला येत होतं हीच पंचाईत. न कळणाऱ्याला भीती तरी थोडी उशिरा वाटते. केस, पोलिस, कोर्ट, डिग्री काढून घेतात का, नाव पेपरात येतं का, सगळं एका दमात डोक्यातून गेलं. डिग्रीवरचं ते आडनाव आणि मेल आयडीतलं हे आडनाव, एकच होतं.

शेठ आधी चिडले. "पैसे मोजलेत की त्याला! फुकट का घेतलंय? मग चोरी कशी?" पेनड्राइव्हवाल्याला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. चहा पिणारा, तब्येत विचारणारा माणूस, त्याचा फोन कायमचाच बंद. तेव्हा कुठे शेठ खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "बाई, आता गं?"

मी म्हणाले, "एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. कायद्यानं फुकट."

"फुकट कसं? कंपनी कुठली?"

"कंपनी नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात. कुणीही वापरायचं."

"बरं. मग ह्याचा माणूस कोण?"

"माणूस नाही."

"अगं, अडलं तर फोन कुणाला करायचा?"

"फोन नाही. इंटरनेटवर विचारायचं, कुणीतरी उत्तर देतं."

शेठनी दादाकडे बघितलं. दादा हसला. "म्हंजी चौकातल्या नळावानी. पानी कवा यील न्हाई सांगता यायचं, पर नळ हाय."

त्याच दिवशी मी ते कॉलेजात एकदा उघडून घाईनं बंद केलेलं सॉफ्टवेअर परत उतरवून घेतलं. घाईनं बंद का केलं होतं ते उघडल्यावर आठवलं. वर बारीक बारीक चित्रांच्या रांगाच रांगा. एका चित्रावर बाण, दुसऱ्यावरही बाण, फरक काय तो बनवणाऱ्यालाच माहीत. एक यादी होती, तिच्यातून दुसरं काही निवडलं की वरची सगळी चित्रं नाहीशी व्हायची आणि नवीच यायची. घरात परत यावं आणि भांडी भलत्याच फळीवर लागलेली असावीत, तसं. आणि काही चुकलं की खाली लाल अक्षरांत चार ओळी उमटायच्या. आत काय बिघडलं ते त्यात असायचं. आपण आता काय करावं, ते नसायचं.

दादाला मी बसवून दाखवलं, कारण मी रजेवर असले की लहान बदल तोच करायचा. लाल अक्षरं आली तशी त्यानं हात मागे घेतला आणि मांडीला पुसला. "मॅडम, म्या काय केलं न्हाई बरं का."

"दादा, तुम्ही काही केलं नाही. ते असंच म्हणतं."

"मंग लाल कशापायी?"

मशीनवर लाल दिवा लागला की हात बाजूला घ्यायचा, हे त्याला शिकवलेलं होतं. दादाच्या एका जुन्या सोबत्यानं तो घेतला नव्हता, त्याला दोन बोटं कमी आहेत. लाल म्हणजे काय हे ज्यांनी ते सॉफ्टवेअर बनवलं त्यांनी असल्या शेडमध्ये कधी बघितलेलं नसावं.

मी त्या लोकांना इंटरनेटवर विचारलं. उत्तर लगेच आलं, कुठल्या तरी थंड देशातून, आणि फार सभ्य. सेटिंगमध्ये जा, तिथे सगळं बदलता येतं. मी लिहिलं, पण आमचा ऑपरेटर सेटिंगपर्यंत पोचतच नाही, त्याआधीच घाबरतो. त्यावर त्या माणसानं प्रामाणिकपणे लिहिलं की आम्ही हे नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी करतो. आत नवी करामत घालायला माणसं मिळतात, कारण त्यात मजा येते. बाहेरचं दार रंगवायला कुणी येत नाही. आणि जाहिरात करायला तर आम्हाला लाजच वाटते.

लाज! मला ते वाचून आधी राग आला आणि मग बाबा आठवले. बाबा कंपनीत वेल्डर होते, आणि त्यांचं वेल्डिंग अख्ख्या लाइनवर एक नंबर होतं, हे मला त्यांच्या सोबत्यांकडून कळलं. त्यांनी स्वतः ते ना ठेकेदाराला सांगितलं ना घरी. चांगलं काम करायचं आणि दिसेल ज्याला दिसायचं त्याला, असं समजणारी माणसं सगळ्या देशांत असतात म्हणायची. पेनड्राइव्हवाला मात्र चहा प्यायला यायचा. तो चोर होता, पण समोरचा घाबरलाय हे त्याला दारातून आत येतानाच दिसायचं, आणि पहिलं वाक्य तो त्यावरच बोलायचा: "काका, टेन्शन घेऊ नका, मी आहे ना." फुकटच्या सॉफ्टवेअरकडे हे एक वाक्य नव्हतं. बाकी सगळं होतं.

मी जमेल तेवढं दार रंगवलं. आम्हाला न लागणारी चित्रं काढून टाकली. उरलेल्यांची नावं शेडमधली केली, भोक, खाच, जाडी, कोपरा मोडणे. आमची सुट्टी गुरुवारची, तेव्हा शेड शांत असायची, त्या वेळी मी दादाला शिकवायला बोलावून घ्यायचे. हळूहळू त्याचा हात मांडीला जायचा थांबला. चोरीचं सॉफ्टवेअर सगळ्या कॉम्प्युटरवरून काढून टाकलं, आणि डिझाइनचं काम माझ्या एकाच कॉम्प्युटरवर, या नव्यावर सुरू केलं. शेठनी वकिलांना कळवलं की जुनं काढलं आहे. वकिलांनी उलट कळवलं की आमची माणसं येऊन बघतील. कधी, ते लिहिलं नव्हतं.

ते दिवस फार वाईट गेले. गेटवर कुठलीही पांढरी गाडी थांबली की माझी बोटं कीबोर्डवर आखडायची. शेठ जेवण अर्धं टाकून उठायचे. घरी मी काही सांगितलं नव्हतं, पण बाबा शेडमध्येच होते, त्यांना चहाच्या टपरीवर अर्धंमुर्धं कळलं होतं. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "ते नवं काय टाकलंस म्हणं कॉम्प्युटरात. कितीला घेतलं?"

"फुकट आहे, बाबा."

"फुकट कोण देतंय? आपल्याला काय बघून दिलं त्यांनी?"

"सगळ्यांनाच देतात."

"बिल हाय का त्याचं?"

"फुकटाचं बिल कसं असेल?"

बाबांनी मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला. आई म्हणाली, "तिला कळतंय, तुम्ही जेवा." आणि मीही जेवले, विषय संपला असं समजून. बाबांच्या डोक्यात मात्र हिशेब पक्का झाला होता. पहिल्या सॉफ्टवेअरला पैसे दिले होते, माणूस आला होता, नारळ फुटला होता, तरी चोरीचं निघालं. हे दुसरं तर कुणीच आणून दिलं नाही, बिल नाही, नारळ नाही. मग हे केवढं चोरीचं असेल! आणि ते आपल्या पोरीनं स्वतःच्या हातानं टाकलंय.

वकिलांची माणसं आली तेव्हा मी दादाच्या मशीनपाशी होते. नवा पार्ट बसतो का ते बघत होतो. मशीनच्या आवाजात गेट वाजलेलं ऐकू आलं नाही. शेठ समोर येऊन हातवारे करायला लागले तेव्हा कळलं. एक पांढऱ्या शर्टातला गृहस्थ आणि त्याच्याबरोबर माझ्याच वयाची एक मुलगी, खांद्याला लॅपटॉपची बॅग. दोघंही अगदी गोड बोलत होते. त्यानं जास्तच भीती वाटली.

आम्ही सगळे केबिनमध्ये शिरलो आणि मी दारातच थांबले. माझ्या टेबलावर स्क्रीन होता, कीबोर्ड होता, माऊस होता. खालचा डबा, ज्यात सगळा कॉम्प्युटर असतो, तो नव्हता. वायरी लोंबत होत्या. जमिनीवर डब्याच्या आकाराचा चौकोन स्वच्छ होता आणि भोवतीनं धूळ.

"कॉम्प्युटर कुठे आहे?" त्या गृहस्थानं विचारलं.

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी शेठकडे बघितलं. शेठना वाटलं मी हलवला, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. मला वाटलं शेठनी.

"रिपेअरला..." शेठ म्हणाले, आणि त्याच वेळी दादा म्हणाला, "सकाळी तं हितंच व्हता."

गृहस्थानं मोबाइल काढून त्या धुळीतल्या चौकोनाचा फोटो घेतला. मुलगी काहीतरी टाइप करायला लागली. मला तिच्या बोटांचा आवाज येत होता. आमच्याकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तरी आता आम्ही लपवणारे झालो होतो. मी आता जे काही बोलेन ते खोटंच वाटणार होतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले.

स्टोअरच्या दारात बाबा उभे होते. हात मागे बांधलेले. त्यांच्या पाठीमागे मशिनी पुसायच्या चिंध्यांची पोती एकावर एक लावलेली, आणि सगळ्यात वरचं पोतं वाकडं. माझे बाबा पोतं वाकडं ठेवत नाहीत. आणि तिथे वास येत होता, म्हणजे खरं तर तेलाचाच असणार, पण मला जळक्या कापसाचा आला. खाटेखालचा.

"बाबा."

"काय नाय. तू जा तिकडं. मी बघून घेतो."

"बाबा, तो डबा द्या."

ते जवळ आले आणि कुजबुजले, "येडी हायस का? गाडी दिसली तसा उचलून आणलाय मी. सापडलं तर तुला धरून नेतेल. नाव तुझं हाय त्यांच्या कागदावर. मला नेऊ दे. मी म्हणन मी टाकलं. माझं काय, माझं शिक्षण थोडंच जायलंय."

मी हे लिहिताना शब्द नीट ठेवते आहे, कारण त्या वेळी मला नीट बोलता आलं नव्हतं. बाबांना ब्रेकच्या काळात गल्लीत तोंड दाखवायची भीती वाटायची. गेटवरच्या पोरीची भीती वाटायची. आणि आता ते स्वतःला धरून न्या म्हणत होते.

"ते चोरीचं नाही," मी म्हणाले. "जे चोरीचं होतं ते काढलं. हे आपलंच आहे."

"मग बिल दाखव."

केबिनच्या दारातून शेठ हाका मारत होते. मला वाटलं, डबा असाच राहू द्यावा, रिपेअरला गेलाय म्हणावं, आजचा दिवस ढकलावा. बाबांनी शेगडी सरकवली तेव्हा त्यांनाही असंच वाटलं असणार. मी वरचं पोतं ओढून खाली टाकलं.

डबा मी एकटीनं उचलला. दोन पावलांनंतर दुसरी बाजू बाबांनी धरली. तसेच आम्ही, वर चिंध्यांचे तुकडे चिकटलेला तो डबा घेऊन, सगळ्यांच्या समोरून केबिनमध्ये गेलो. मी त्या गृहस्थाला म्हणाले, "सर, हा माझ्या वडिलांनी लपवला. त्यांना वाटलं यातलं सॉफ्टवेअर चोरीचं आहे, कारण ते फुकट आहे. तुम्ही बघून घ्या."

मी वायरी जोडल्या. घाईत एक वायर उलटी लावली, मुलीनं वाकून ती सरळ केली. कॉम्प्युटर सुरू व्हायला त्या दिवशी लागला तेवढा वेळ कधी लागला नसेल. मुलीनं सगळं तपासलं. त्यांचं काही सापडलं नाही. मग तिनं माझं नवं सॉफ्टवेअर उघडलं, आणि चित्रांवर भोक, खाच अशी अक्षरं बघून म्हणाली, "हे कुठलं आहे? मी नाव ऐकलं नाही कधी."

तिनंही ऐकलं नव्हतं! सॉफ्टवेअरच्याच धंद्यातली मुलगी. माझे बाबा तरी काय करणार होते?

"ह्याचं लायसन्स?" गृहस्थानं विचारलं.

लायसन्स आतच असतं, एका कोपऱ्यात, मदत या शब्दाखाली, तिसऱ्या खिडकीत. तिथे कुणी जात नाही. मीही एकदाच गेले होते. ते उघडलं आणि वाचायला लागले. इंग्रजी वाक्य वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं. ते गृहस्थासाठी नव्हतंच, त्याला इंग्रजी येत होतं. कुणीही वापरावं. कशासाठीही वापरावं. आतून उघडून बघावं. हवं तसं बदलावं. दुसऱ्याला द्यावं. बदललेलं दिलं तर त्यालाही हीच मोकळीक द्यावी. बाबा दाराला टेकून ऐकत होते. दादानं डोक्यावरची टोपी काढली होती, का ते त्यालाच ठाऊक.

"ह्याच्याशी आमचा संबंध नाही," गृहस्थ म्हणाला. मग तो जुन्याकडे वळला. "जुनं सॉफ्टवेअर ज्या मेल आयडीवर होतं तो कुणाचा?"

शेठ बोलायच्या आधी मी म्हणाले, "माझा. टाकताना मी दिला. मला तेव्हा माहीत नव्हतं, आता आहे."

मुलीनं लिहून घेतलं. आमचा चहा त्यांनी घेतला नाही, पण जाताना बाबांनी गेट उघडलं तेव्हा ती मुलगी त्यांना "येते काका" म्हणाली. बाबा दिवसभर तेच सांगत होते.

मागच्या वापराचं प्रकरण त्या दिवशी संपलं नाही. पत्रं येत राहिली, शेठनी वकील गाठला, हमीपत्र दिलं, आणि माझे पाय आणखी काही महिने गारच राहिले. पण त्या संध्याकाळी बसमध्ये बाबा पहिल्यांदा माझ्या शेजारी बसले. मोशीच्या सिग्नलला गाडी अडकली होती. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एवढं चांगलं हाय तर सांगत का नाहीत ते लोक?"

"लाजतात."

"आन् लायसन कोपऱ्यात कशाला ठेवलंय? समोर लावावं की."

म्हणून मी समोर लावलं. लायसन्सच्या त्या पानाचं मी मराठी केलं, मोठ्या अक्षरांत छापलं, शेठनी ते फ्रेममध्ये घातलं आणि केबिनच्या भिंतीवर शॉप ॲक्टच्या परवान्याशेजारी टांगलं. कॉम्प्युटर सुरू झाला की पहिल्यांदा माझं एक पान उघडतं, त्यावर लिहिलं आहे: हे फुकट आहे, चोरीचं नाही, तुमच्या हातून काही बिघडणार नाही. लाल अक्षरांबद्दल मी त्या थंड देशातल्या माणसाला दादाच्या सोबत्याच्या बोटांसकट सगळं लिहून पाठवलं. त्यांच्यात खूप वाद झाले. काहींना वाटलं इतक्या साध्या गोष्टीसाठी एवढं कशाला. मी चिकाटी सोडली नाही, मला भांडता येतं. माझ्या बऱ्याच सूचना अजून तशाच पडून आहेत. एक त्यांनी घेतली. आता चूक झाली की लाल ओळींच्या वर साध्या काळ्या अक्षरांत आधी येतं, आता काय करायचं ते.

खंडेनवमीला शेठनी सगळ्या मशिनींबरोबर त्या कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातली आणि नारळ बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो डब्यापासून लांब, उंबऱ्यावर फोडला, आत पाणी जाऊ नये म्हणून.

आमच्या शेडमध्ये आज एकाही कॉम्प्युटरवर चोरीचं सॉफ्टवेअर नाही. वकिलांचं प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं, त्यात माझं नाव कुठेही नाही. फिक्श्चरचं सगळं डिझाइन त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर होतं, लहान बदल दादा एकटा करतो, आणि सकाळी शेड उघडली की तो कॉम्प्युटर बाबा चालू करतात.